तुळजाबाईंची प्रत

पुण्यात प्रकाशन समारंभाला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, पुस्तक पाहिलंत का. पाहिलं म्हणतील. व्यासपीठावर पाचजण ओळीनं उभे राहतात, चकचकीत कागद फाडतात, पुस्तक छातीशी धरतात, फोटो निघतो. पुस्तकाच्या आत काय आहे हे मात्र कुणी पाहिलेलं नसतं, आणि आम्हा प्रकाशकांचा संसार त्या न पाहण्यावर चालतो. कारण पुष्कळदा पुस्तक तयारच नसतं. चकचकीत कागदात असतं ते नवं कव्हर, आणि कव्हराच्या आत त्याच आकाराचं, त्याच जाडीचं दुसरंच काहीतरी. फोटो झाला की आम्ही पाचही प्रती गोळा करतो आणि विक्रीच्या प्रती दोन दिवसांत येतील असं हसून सांगतो. माझ्या वडिलांनी हे केलं, मी करते. मला यात कधी लाज वाटली नाही, आणि ज्यांना वाटते त्यांनी पुण्यात वेळेवर काम देणारा एक बाइंडर शोधून दाखवावा.

मी वासंती खांबेटे. बुधवार पेठेत, पुस्तकांच्या दुकानांच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर आमचं ‘खांबेटे आणि मंडळी’ आहे. मंडळी म्हणजे मीच. आमची खरी ओळख शेतीच्या पुस्तकांची. कांदा कसा साठवावा, विहीर कुठे खणावी, म्हशीची निगा कशी राखावी. ललित साहित्य छापणारे आमच्याकडे बघून नाक मुरडतात, आणि आमची बाराव्या आवृत्तीची जाहिरात आली की दुसरीकडे बघतात.

अशा माझ्याकडे राजनंदिनी कोंढरेनं आपलं पुस्तक दिलं, ते केवळ आम्ही कॉलेजात एका बाकावर बसत होतो म्हणून. राजनंदिनी पंचवीस वर्षं परदेशी वार्ताहर आहे. सुरुवात महापालिकेच्या पाणीकपातीच्या बातम्यांनी केली. मग दिल्ली, काठमांडू, काबूल, नैरोबी आणि आता कीव्ह. इंग्रजीत तिची तीन जाडजूड पुस्तकं आहेत, सगळी खरीखुरी, कादंबरीचा वाससुद्धा नाही. तिचा एकच नियम. स्वतः पाहिलं नाही ते लिहायचं नाही, आणि ऐकलं असेल तर कुणाकडून ऐकलं ते सांगायचं. हॉटेलच्या गच्चीवरून लढाईचं वर्णन करणाऱ्या वार्ताहरांबद्दल ती जे बोलते ते मी छापू शकत नाही.

ही बाई तपासणी नाक्यांवर बंदूकवाल्यांशी हुज्जत घालते, आणि बिबवेवाडीत आईपुढे मात्र तिची मान खाली. तिची आई तुळजाबाई, वय ब्याऐंशी. आज जिथे राजनंदिनीच्या भावाची, पृथ्वीराजची, पाच मजली इमारत उभी आहे तिथे तुळजाबाईंचा गोठा होता. चौदा म्हशी होत्या. गाव शहरात गेलं, म्हशी गेल्या, गोठ्याच्या जागी पार्किंग आलं. तुळजाबाई तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून रोज त्या पार्किंगकडे बघत बसतात. लेक काय करते असं कुणी विचारलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं, “भांडणं बघाया जाती. लांबची.”

जानेवारीत राजनंदिनी सुट्टीवर आली आणि एप्रिलमध्ये परत युक्रेनला जाणार म्हणाली, तेव्हा तुळजाबाई तिच्याशी चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी बोलल्या त्या अशा, “पंचवीस वर्सं झाली. तू तिथं जाऊन काय करतीस त्ये मला एकदा कळू दे, मग जा. न्हाई कळलं, तर ह्या टायमाला माझं व्हय न्हाई.”

त्रेपन्न वर्षांच्या बाईनं आईच्या होकारासाठी अडून बसावं का, असं कुणी म्हणेल. राजनंदिनी अडून बसली. ती मला म्हणाली, आजवर आई कुरकुर करायची, पण शेवटी हो म्हणायची, आणि तो हो खिशात घालूनच मी विमानात बसायचे. या वेळी खिसा रिकामा आहे आणि मला भीती वाटते. तिच्या तोंडून भीती हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. खरं सांगायचं तर मला तिचा हेवाही वाटला. मला नको म्हणणारं कुणी उरलेलं नाही.

मग तिनं तीन महिन्यांत मराठीत पुस्तक लिहिलं. आईला इंग्रजी येत नाही. चौथीपर्यंतचं मराठी येतं, तेही बोट ठेवून. पुस्तकाचं नाव ‘पाहिलं तेवढंच’. अक्षर मोठं हवं, वाक्यं छोटी हवीत, आणि काही झालं तरी निघायच्या दिवशी सकाळी प्रकाशन हवं, पहिली प्रत आईच्या हातात हवी. दुपारी चारला मुंबईच्या विमानतळाकडे जायची गाडी ठरलेली. मी कॅलेंडर बघितलं, रविवार होता, सभागृह मिळत होतं, मी हो म्हटलं.

इथे माझी चूक झाली, आणि ती चूक मी तरी करायला नको होती. आमचा बाइंडर दत्तोबा. त्याच्या शेडमधले अकराच्या अकरा कामगार भोरकडच्या एकाच गावचे. त्या गावची जत्रा चैत्रात, तिथीनं येते. जत्रेला शेड बंद. गेली तीस वर्षं बंद. हे मला पाठ आहे, पण मी इंग्रजी तारीख बघितली आणि तिथी बघितली नाही. बुधवार पेठेत ऑफिस असून पंचांग न बघणाऱ्या बाईला दुसरी शिक्षा काय द्यायची.

शुक्रवारी मी शेडवर गेले तर कुलूप. फोन लावला तर मागे ढोल, ताशा आणि कर्ण्यातून देवीचं गाणं. दत्तोबानं ओरडून सांगितलं की ताई, फर्मे घडी घालून तयार आहेत, शिवायचे तेवढे बाकी, मंगळवारी देतो. फर्मा म्हणजे सोळा पानांचा एक मोठा छापील कागद, घडी घातलेला. असे पंधरा फर्मे एकावर एक ठेवून शिवले की पुस्तक होतं. पुढे तो म्हणाला की पालखी निघाली, आणि फोन बंद झाला. गावाला जाऊन त्याला उचलून आणावं असा विचार मनात आला होता. पण जत्रेतून अकरा जणांना उठवून आणणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

कव्हरं मात्र माझ्याकडे आलेली होती. सुंदर होती, राखाडी आकाश आणि एक रिकामा रस्ता. मी गोडाऊनमध्ये गेले, पट्टी घेऊन जाडी मोजली. कांद्याचं पुस्तक बारीक पडलं, विहिरीचं जाड झालं. म्हशीच्या निगेचं पुस्तक असं बसलं की जणू त्याच्यासाठीच कव्हर शिवलंय. पाच प्रती तयार केल्या, चकचकीत कागदात बांधल्या आणि वर सोनेरी रिबिन लावली.

शनिवारी राजनंदिनीचा फोन. तिनं विचारलं, प्रत पाहिलीस का? पाहिली, म्हटलं. स्वतः, हातात घेऊन? स्वतः, हातात घेऊन, म्हटलं. वार्ताहर बाईला खोटं ओळखता येतं असं म्हणतात. त्या दिवशी तिचं लक्ष बॅगा भरण्यात होतं म्हणून मी वाचले.

रविवारी साडेदहाला सभागृह भरलं. आम्ही ऐंशी खुर्च्या मांडल्या होत्या. पृथ्वीराजनं बिबवेवाडीतून तीन टेम्पो भरून माणसं आणली. बाहेर त्यानं वीस फुटी फ्लेक्स लावला होता, त्यावर राजनंदिनी, तुळजाबाई, तो स्वतः आणि कोपऱ्यात, कुणी सांगितलं देव जाणे, एक रणगाडा. अर्ध्या लोकांच्या डोक्यावर फेटे. नेहमीचे पुस्तकवाले पुणेकर पहिल्या दोन रांगांत बसून मागे वळून वळून बघत होते. एका गृहस्थांनी मला विचारलं, लग्नाचा हॉल शेजारी आहे का.

अध्यक्ष होते मराठीचे एक निवृत्त प्राध्यापक. त्यांना मी पुस्तक पाठवलंच नव्हतं, कारण नव्हतंच. ते पंचवीस मिनिटं पुस्तकावर बोलले. काल रात्री वाचायला घेतलं आणि खाली ठेववेना, असं त्यांनी दोनदा सांगितलं. या लेखिकेची भाषा मातीतून उगवलेली आहे, हेही सांगितलं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, त्यांनीही माझ्याकडे बघितलं नाही. इतकी वर्षं आमचं असंच छान जमत आलंय.

मग वेष्टनं फाडली, पुस्तकं छातीशी धरली, फोटो झाला. मी पुढे होऊन चार प्रती गोळा केल्या, पाचवी तुळजाबाईंच्या हातात. हळूच हात पुढे केला तर त्यांनी पुस्तक पदराखाली घेतलं. तेवढ्यात राजनंदिनी माइकपाशी गेली. तिचं भाषण दीड मिनिटाचं झालं. म्हणाली, मी जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते या पुस्तकात नाही. हे पुस्तक एका वाचकासाठी लिहिलंय, ती वाचक इथे बसलीय, आणि माझी विनंती आहे की तिनं कुठलंही एक पान वाचून दाखवावं.

हे कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं. कार्यक्रमपत्रिका मी छापली होती, मला माहीत आहे. मी उभी राहिले आणि म्हणाले की वेळ कमी आहे, चहा निवतोय. पृथ्वीराजच्या माणसांनी एवढ्या टाळ्या वाजवल्या की माझं मलाच ऐकू आलं नाही. तुळजाबाईंनी चष्मा लावला, पुस्तक मधोमध उघडलं, बोट ठेवलं. पृथ्वीराजनं माइक त्यांच्या तोंडासमोर धरला.

“म्हैस व्याल्यावर,” तुळजाबाई वाचू लागल्या, “दोन तासांच्या आत रेडकाला चीक पाजावा. वार पडेपर्यंत चीक पाजू नये, असा गैरसमज अनेक ठिकाणी आढळतो.”

कुणी हसलं नाही. पुणेकर प्रकाशन समारंभात न समजलेल्या गोष्टीला हसत नाहीत, मान डोलावतात. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे मिटले. अध्यक्ष माझ्या बाजूला झुकून पुटपुटले, रूपक आहे, जबरदस्त रूपक आहे. मागच्या रांगांतून मात्र फेटेवाले मोठ्यानं म्हणाले की बरोबर हाय, बरोबर हाय. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, दोन्ही एकदम. मी खुर्चीची पाठ धरून उभी राहिले.

तुळजाबाई थांबल्या. चष्मा काढून त्यांनी लेकीकडे बघितलं. त्यांचा चेहरा असा फुलला होता की मी तो तसा तीस वर्षांत पाहिला नव्हता. “खरं लिवलंय,” त्या माइकमध्ये म्हणाल्या. “माझ्या सासूनं ह्याच गैरसमजापायी दोन रेडकं घालवली. मी सांगत हुते, कुणी ऐकलं न्हाई. राजे, तू त्या येळंला इवलीशी हुतीस, तरी ध्यानात ठेवलंस. मला वाटायचं, तू भांडणंच बघतीस. जा बाई आता कुठं जायचं तिथं. माझं व्हय हाय.”

सभागृहात टाळ्यांचा असा कडकडाट झाला की बाहेरचा चहावाला आत डोकावला. राजनंदिनी हसत नव्हती. ती आईच्या हातातल्या पुस्तकाकडे बघत होती, मग तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, अगदी थोडी, गप्प राहा म्हणून. तिला हवं होतं ते मिळालं होतं. हो मिळाला होता, तोही माइकवर, तीनशे माणसांसमोर. चार तासांनी गाडी होती. आई पुढे दहा महिने बाल्कनीत बसून म्हशीचं पुस्तक वाचून खूश राहिली असती आणि कुणाचं काही बिघडलं नसतं. तिच्या जागी मी असते तर वाकून नमस्कार करून चहा प्यायला गेले असते.

ती माइक घेऊन म्हणाली, “आई, हे मी लिहिलेलं नाही.”

मग तिनं सगळं सांगितलं. म्हणजे तिला जे दिसत होतं तेवढं, की कव्हर तिचं आहे आणि आतलं पुस्तक दुसऱ्याचं, आणि कसं ते वासंती सांगेल. वासंतीनं सांगितलं. माझ्या वडिलांपासूनची परंपरा, दत्तोबा, जत्रा, तिथी, पट्टीनं मोजलेली जाडी, सगळं. अध्यक्षांना एकाएकी दुसऱ्या एका कार्यक्रमाची आठवण झाली. पहिल्या रांगेतल्या बाई मात्र म्हणाल्या की तरीसुद्धा रूपक चांगलंच होतं.

तुळजाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. पुस्तक मिटलं, पण परत दिलं नाही. “मग माझं व्हयबी परत दे,” त्या लेकीला म्हणाल्या. “त्ये ह्या पुस्तकाला हुतं. तुझं कुठंय?”

माझं कुलपात आहे, राजनंदिनी म्हणाली, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी त्या क्षणी दत्तोबाला फोन लावला. या वेळी मागे तमाशाची हलगी होती. तो म्हणाला की किल्ली शेडशेजारच्या पिठाच्या गिरणीत खिळ्याला टांगलेली आहे, मालकीण सुशीलाबाई, माझं नाव सांगा. मी विचारलं, दत्तोबा, हे शुक्रवारी का नाही सांगितलंस? तो म्हणाला, ताई, शुक्रवारी तुम्ही किल्ली मागितली नाही, पुस्तक मागितलं.

दत्तोबाची शेड बिबवेवाडीत, कोंढऱ्यांच्या इमारतीपासून दहा मिनिटांवर. पृथ्वीराजच्या गाडीत आम्ही चौघं, मागे तीन टेम्पो, टेम्पोंमागे स्कूटरवरून पहिल्या दोन रांगा. त्यांना का यायचं होतं कोण जाणे. पुण्यात फुकट कार्यक्रम अर्धवट सोडून कुणी जात नाही. सिग्नलला लोक विचारत होते, मिरवणूक कुणाची. फेटेवाले सांगत होते, पुस्तकाची. एका रिक्षावाल्यानं खात्री करून घ्यायला पुन्हा विचारलं आणि मग तोही मागे आला.

सुशीलाबाईंनी आधी दळण संपवलं, मग किल्ली दिली. शेडमध्ये कागदाचा आणि खळीचा वास कोंडलेला होता. भिंतीशी फर्म्यांचे गठ्ठे नीट रचलेले, प्रत्येकावर खडूनं आकडा. राजनंदिनी त्यांच्यासमोर उभी राहिली आणि तिचे डोळे भरून आले. तीन पुस्तकं झालेली बाई, पण मराठीत आपलं पुस्तक छापलेलं ती पहिल्यांदाच बघत होती. मी एकेक फर्मा उचलून पंधरा जमवायला लागले. तुळजाबाईंना तेवढा धीर नव्हता. दत्तोबाच्या स्टुलावर बसून त्यांनी हाताशी आलेल्या पहिल्या गठ्ठ्यातला एक फर्मा उचलला. तो नवव्या आकड्याचा होता.

न कापलेली पानं वरच्या बाजूनं जोडलेली असतात. मी पट्टी शोधत होते, त्यांनी तर्जनी घातली आणि शेंग सोलावी तशी पानं मोकळी केली. बाहेरचे लोक दारात गर्दी करून उभे राहिले. पृथ्वीराजनं त्यांना गप्प बसवलं. तुळजाबाईंनी बोट ठेवलं.

प्रकरण एका म्हातारीचं होतं. युक्रेनच्या पूर्वेकडचं खेडं, तीन वर्षांपूर्वीचा पानगळीचा काळ. गोळे जवळ पडायला लागले होते, लोकांना बसमधून बाहेर काढत होते. हान्ना नावाची म्हातारी बसमध्ये चढायला तयार नव्हती. पोलीस समजावत होते, शेजारी ओढत होते. ती म्हणत होती की गाय एकटी कशी सोडू, तिचे दिवस भरलेत. गायीचं नाव झिर्का, म्हणजे चांदणी. राजनंदिनीनं लिहिलं होतं की शेवटी बस तिला सोडून निघाली. ‘असा हट्ट मी अनेक युद्धांत पाहिला आहे,’ असं शेवटचं वाक्य होतं.

तुळजाबाईंनी ते सावकाश वाचलं, वीस मिनिटं लागली असतील. एवढी माणसं दारात उभी होती, पण कुणी पाय बदलला नाही. पान संपलं तशी त्यांनी ते उलटून पलीकडे बघितलं. तिथे दुसरं प्रकरण होतं, दुसऱ्या गावचं.

“व्याली का?” त्यांनी विचारलं.

राजनंदिनीला आधी कळलंच नाही.

“गाय. व्याली का ती?”

“माहीत नाही, आई.”

“तू तिथं हुतीस ना?”

राजनंदिनी सांगायला लागली की बस निघाली तेव्हा तिलाही निघावं लागलं, संध्याकाळपर्यंत बातमी पाठवायची होती, दुसऱ्या दिवशी रस्ता बंद झाला. सांगता सांगता तिचा आवाज बारीक झाला. मंत्र्यांना, सेनापतींना हिनं प्रश्न विचारून घाम फोडलाय. आता ती दत्तोबाच्या शेडमध्ये उभी होती, आणि स्टुलावरची बाई एकामागून एक विचारत होती. कपाळावर चांद होता का? होता, म्हणूनच ते नाव. कास उतरली होती का? राजनंदिनीनं डोळे मिटले. हो, मोठी दिसत होती, हान्ना सारखी कोमट पाण्याच्या फडक्यानं पुसत होती. शेपटीजवळचं हाड ढिलं पडलं होतं का? ते मी बघितलं नाही. गाय उठबस करत होती का? हो, करत होती, सारखी.

“मंग त्याच दिशी व्याली आसंल, न्हाईतर दुसऱ्या,” तुळजाबाई म्हणाल्या. त्यांनी फर्मा मांडीवर ठेवला आणि त्यावरून हात फिरवला. “आडलेली गाय टाकून कुणी बसमदी चढतंय व्हय? हट्टी न्हवं ती. शानी हाय. मीबी न्हाई चढले आसते. राजे, समदं बगितलंस आन मेन ऱ्हायलं.”

राजनंदिनी खाली बसली, कागदाच्या गठ्ठ्यावर. मला वाटलं ती रडणार, पण ती हसायला लागली. हसता हसता खांदे हलायला लागले, मग पृथ्वीराज हसला, मग मी, मग दारातले सगळे, आणि आपण का हसतोय हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. पंचवीस वर्षांत माझ्या एकाही संपादकानं हे विचारलं नाही, ती म्हणाली. लंडनच्या नाही, दिल्लीच्याही नाही. मी म्हटलं, मीही नाही विचारलं, आणि माझ्याकडे म्हशीचं पुस्तक आहे.

“गाडी किती वाजता हाय?” तुळजाबाईंनी विचारलं.

“चारला.”

“मंग हितं काय करतीस? जा. आदी तिच्या घरी जा, मंग तुझी भांडणं बघ. काय झालं त्ये मला फोन करून सांग. गोऱ्हा का कालवड, आन म्हातारी कशी हाय.”

राजनंदिनीनं पर्समधून वही काढली आणि आईचे प्रश्न एकेक करून लिहून घेतले. मग पाया पडली. तुळजाबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही. चारची गाडी पाचला निघाली.

मंगळवारी दत्तोबा अंगाला गुलाल घेऊन परत आला आणि म्हणाला, ताई, शिवायला घेऊ का. मी म्हटलं, थांब. बुधवारी विचारलं, थांब म्हटलं. नववा फर्मा अपुरा आहे, एवढंच सांगितलं. तो म्हणाला, ताई, तीस वर्षांत पहिल्यांदा माझं काम तयार आहे आणि तुमचं नाही. इकडे पहिल्या रांगेतली मंडळी रोज फोन करत होती, पुस्तकाची नाही, गायीची चौकशी करायला. रिक्षावालाही एकदा येऊन गेला.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी ऑफिसचा फोन वाजला. राजनंदिनी असेल म्हणून उचलला, तर तुळजाबाई. त्यांनी मला कधी फोन केला नव्हता. आवाज एवढा मोठा की फोन नसता तरी बिबवेवाडीहून ऐकू आला असता.

“वासंती, लिवून घे,” त्या म्हणाल्या. “राजीचा फोन आला हुता. पयला मलाच केला, पेपरला मागनं. त्याच राती व्याली. कालवड झाली. म्हातारीनं एकटीनं केलं समदं, कंदिलाच्या उजेडात. म्हातारी बरी हाय, गुडघं तेवढं दुखत्यात. चांदणीबी हाय. कालवड आता मोठी झालीय, तीच गाभण हाय, आठवडाभरात व्यायची.”

मी लिहीत होते. विचारलं, मग राजनंदिनी आता पुढे कुठे निघाली?

“कुठं निघती?” तुळजाबाई म्हणाल्या. “तिचा सायेब बोलावतोय, रोज फोन करतोय. मी सांगितलंय तिला, व्याईस्तोवर हलायचं न्हाई तिथनं.”